आरोग्य पत्रपेटी : ‘अंगात पूर्वीसारखे त्राण राहिले नाही’

चाळिशी आणि साठीच्या मधल्या पुरुषांची पत्रे या सदराकडे क्वचितच येतात, आणि जी येतात त्यांत दुखणे नेमके कोणते हे बहुधा शेवटच्या दोन ओळींत दडलेले असते. या वेळी मात्र एकाच तक्रारीची बरीच पत्रे साठली आहेत. शब्द वेगवेगळे असले, तरी सगळ्यांचे म्हणणे ‘अंगात पूर्वीसारखे त्राण राहिले नाही’ असेच आहे. म्हणून हा अंक त्या पत्रांसाठीच ठेवला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : मी ४८ वर्षांचा असून सांगली भागातील एका पतसंस्थेत अधिकारी आहे. उंची पाच फूट सात इंच, वजन ६८ किलो, म्हणजे मी जाड नाही. तरीही दुपारी चारनंतर डोके चालत नाही, संध्याकाळी घरी आलो की आडवे व्हावेसे वाटते आणि सहवासाची इच्छाही कमी झाली आहे. ऑफिस सुटल्यावर ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज केले. त्यात टेस्टोस्टेरॉन २६८ आले असून त्याखाली लाल रेघ आहे. उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आहे, पण ‘ते बॉर्डरवर आहे, काळजी नको’ असे सांगण्यात आले. एका क्लिनिकमध्ये दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला मिळाला आहे. घ्यावे का?

उत्तर : सध्या घेऊ नये. आपल्या रिपोर्टमध्ये काळजी करण्याजोगा आकडा आहे, परंतु तो लाल रेघ ओढलेला नव्हे.

प्रथम टेस्टोस्टेरॉनविषयी. हे संप्रेरक रक्तात दिवसभर सारख्या प्रमाणात नसते. ते पहाटे आणि सकाळी सर्वाधिक असते व दुपारनंतर उतरत जाते. जेवणानंतर, विशेषतः गोड किंवा पिष्टमय खाण्यानंतर, ते आणखी खाली येते. त्यामुळे ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करावी लागते. ताप, सर्दी किंवा जागरण झालेले असताना ती करूच नये. आपला नमुना ऑफिस सुटल्यावर घेतलेला आहे आणि तोही एकदाच, त्यामुळे २६८ या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. सकाळचे दोन्ही नमुने (दर डेसिलिटरला) ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आले, तर पुढे एलएच आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके तपासून बिघाड वृषणांत आहे की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीत आहे हे पाहावे लागते, आणि मगच औषधाचा विचार होतो.

वय वाढले की हे संप्रेरक थोडे कमी होतेच, पण ज्याला खरोखर ‘उतारवयातील टेस्टोस्टेरॉनची कमतरता’ म्हणता येईल अशी स्थिती जाहिरातींवरून वाटते तितकी सर्रास आढळत नाही. युरोपातील आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात कमी पातळी आणि तिच्याशी जुळणारी लैंगिक लक्षणे, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असलेले पुरुष सुमारे दोन टक्केच निघाले. नुसता थकवा हे या कमतरतेचे भरवशाचे लक्षण नाही. थकवा कशानेही येतो.

इंजेक्शनाने दोन-चार आठवड्यांत तरतरी वाटू शकते, हे खोटे नाही. मात्र बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदू वृषणांना आज्ञा देणे थांबवतो. शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते, शुक्रजंतूंची संख्या घटते आणि ज्यांना अजून अपत्य हवे आहे त्यांचे त्यामुळे मोठे नुकसान होते. रक्त दाट होण्याचा धोका असल्याने हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, वारंवार पाहावे लागते. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात या उपचाराने हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, ही दिलाशाची बाब आहे. पण हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार उपचार घेणाऱ्यांत अधिक आढळले. ज्याला खरी कमतरता आहे त्याला हे औषध जरूर द्यावे, आणि मी देतोही. ज्याला ती नाही त्याने पतसंस्थेत पैसे असताना सावकाराकडून कर्ज कशाला काढावे? आपल्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

आता ‘बॉर्डर’विषयी. उपाशीपोटी १०० ते १२५ साखर आणि ५.७ ते ६.४ एचबीएवनसी म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. आपण जाड नाही म्हणता, पण कृपया शिवणकामाची टेप घ्या, शर्ट वर करा, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सोडून घेर मोजा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘पँट चौतिसाची आहे’ असे सांगतात आणि टेप अडतीस दाखवते, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते आणि घेर तिच्यावरून पुढे आलेला असतो. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही मर्यादा मानली जाते.

याच संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र आठवते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली ते छापले गेले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार, अशी आपल्याकडील पुष्कळांची ठेवण असते. पोटाच्या आतली ही चरबी इन्सुलिनला दाद देत नाही आणि टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरही करते. आपले टेस्टोस्टेरॉन खरेच थोडे कमी असेल, तर त्याचे मूळ बहुधा येथेच असावे, कारण पोट उतरले की ते आपसूक वर येताना दिसते.

चेन्नई येथे मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांवर झालेल्या अभ्यासात (२००६) केवळ आहार आणि चालणे यांनी तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही जवळपास तेवढेच घटले, आणि दोन्ही एकत्र केल्याने त्यात भर पडली नाही.

आपण पत्रासोबत दिवसभराचा आहार लिहून पाठवलात हे फार चांगले केलेत. सकाळी चहा-खारी, मग पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चार वाजता पुन्हा चहा-बिस्किटे, रात्री साडेनऊला आमटी-भात. ६८ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६५ ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत. या यादीत ती निम्मी तरी भरतील की नाही शंका आहे. पोह्यांऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा दोन अंडी, दुपारी एक पोळी कमी आणि वाटीभर घट्ट वरण व दही, चारच्या बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे, आणि रात्रीचे जेवण आठच्या आत, एवढा बदल करून पाहा. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चाला. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा. चालण्याने हृदय सुधारते, पण तिशीनंतर हळूहळू झिजणारे स्नायू केवळ चालण्याने परत येत नाहीत. जिम नको असेल, तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर काढणे आणि पाण्याने भरलेल्या बादल्या उचलून चालणे यांपासून सुरुवात करावी. पाच वेळा उठून बसायला पंधरा सेकंदांहून अधिक लागत असतील, तर पायांतील ताकद नक्की कमी झाली आहे. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासून घ्या. टेस्टोस्टेरॉन तीन महिन्यांनी, सकाळी, पुन्हा पाहू.

प्रश्न : वय ५२, नाशिक. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, तंबाखू खातो. आठ महिन्यांपासून ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही. मेडिकलमधून गोळी आणून घेतली. दोनदा फायदा झाला, तिसऱ्यांदा झाला नाही. फॅमिली डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे असल्याने त्यांना सांगण्याची लाज वाटते. वर्तमानपत्रातील जाहिरातीमधले चूर्ण घ्यावे का?

उत्तर : आपण हे पत्र लिहिलेत, यात अर्धे काम झाले. लाजेच्या बाबतीत आपण एकटे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि असे प्रश्न मराठीत उघडपणे छापले. त्याबद्दल त्यांना कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या आणि १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. इतकी वर्षे लोटली, तरी डॉक्टरांसमोर हा विषय काढताना माणसे अजून आधी गुडघेदुखी सांगतात.

ताठरता ही मुख्यतः रक्तप्रवाहाची क्रिया आहे. शिश्नाच्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या असतात. वाढती साखर, तंबाखू आणि रक्तदाब यांमुळे वाहिन्यांचे आतले अस्तर सगळीकडे बिघडत असते, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणूनच अशी तक्रार पुष्कळदा छातीतल्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू होते. आपल्या वयाच्या, मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असलेल्या माणसाने हे हृदयाकडून आलेले पोस्टकार्ड समजावे आणि ते वाचून ठेवून न देता रक्तदाब, कोलेस्टेरॉल, एचबीएवनसी, लघवीतील प्रथिने आणि ईसीजी करून घ्यावा. डॉक्टरांना गरज वाटल्यास ते स्ट्रेस टेस्टही सांगतील.

सकाळी जाग येताना ताठरता असते का, याकडे लक्ष द्या. ती नेहमीसारखी असेल आणि केवळ सहवासाच्या वेळी जात असेल, तर चिंता, ताण किंवा पती-पत्नींमधला अबोला यांचा वाटा मोठा असतो. ती सकाळीही येत नसेल, तर शारीरिक कारण शोधावे लागते. रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधे हा त्रास वाढवतात, पण ती परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना बदलून मागा.

आपण घेतलेली गोळी बहुधा सिल्डेनाफिल असावी. औषध चांगले आहे, पण ते इच्छा निर्माण करत नाही, केवळ रक्तप्रवाहाला वाट करून देते. भरपेट तेलकट जेवणानंतर घेतल्यास ते उशिरा लागू पडते. तिसऱ्या वेळी कदाचित हेच झाले असेल. महत्त्वाची गोष्ट अशी की, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातील कोणतेही औषध जो घेतो त्याने ही गोळी कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतण्याइतका कोसळतो. आणि सिल्डेनाफिल घेतल्यानंतर छातीत दुखू लागलेच, तर रुग्णालयात पोहोचताक्षणी ते सांगावे, बायको-मुले समोर असली तरी. लाजेपोटी ही माहिती दडवली तर उपचार करणारा डॉक्टर नेमके तेच नायट्रेट देऊन बसेल.

चुर्णाच्या जाहिरातीबद्दल : १९५४ सालचा औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लैंगिक क्षमता वाढवण्याच्या जाहिरातींना मुळातच मनाई करतो. म्हणजे जी जाहिरात आपण वाचली ती छापणेच कायद्यात बसत नाही. अशा ‘संपूर्ण आयुर्वेदिक’ पुड्यांमध्ये छुप्या रीतीने सिल्डेनाफिल मिसळल्याचे निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत अनेकदा उघड झाले आहे. मात्रा किती हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. ओळखीच्या डॉक्टरांची लाज वाटत असेल, तर दुसऱ्या गावच्या फिजिशियनकडे किंवा युरॉलॉजिस्टकडे जा, पण जा. आणि चुनापुडी आजपासून खिशाबाहेर ठेवा.

प्रश्न : माझे यजमान ४५ वर्षांचे आहेत. आम्ही डोंबिवलीला राहतो. ते पहाटे पाचला उठतात, लोकलने फोर्टला जातात आणि रात्री नऊला परततात. लोकलमध्ये तर सगळेच डुलक्या घेतात, पण हे आता जेवताना ताटावरही पेंगतात. घोरणे इतके की मुले दुसऱ्या खोलीत झोपतात. मधेच आवाज बंद होतो आणि मग दचकून श्वास घेतात. चिडचिड वाढली आहे. ‘झोप लागावी’ म्हणून रोज रात्री दोन पेग घेतात. रात्री तीनदा लघवीला उठतात, तर ते प्रोस्टेट असेल का?

उत्तर : आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की निदान जवळजवळ आपणच केले आहे. मधेच आवाज बंद होणे म्हणजे घोरणे थांबणे नव्हे, श्वास थांबणे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ हवा आत जात नाही, ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. तासाला पाचपेक्षा अधिक वेळा असे झाले तर तो विकार मानतात आणि तीसच्या पुढे गेले तर तीव्र. कितीही तास अंथरुणात काढले, तरी त्यांना झोप अशी मिळतच नाही. रात्रीची लघवी, सकाळचे जड डोके, न आटोक्यात येणारा रक्तदाब, चिडचिड आणि ओसरलेली लैंगिक इच्छा ही सगळी एकाच मुळाची पाने असू शकतात. प्रोस्टेटची तपासणी करावी, पण आधी ही करावी.

मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. मात्र तेच मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि उत्तररात्रीची झोप मोडते. ते दोन पेग तूर्त बंद झाले, तर आठवडाभरात आपल्यालाच आवाजातला फरक ऐकू येईल. अपुऱ्या झोपेचा परिणाम किती होतो, तेही सांगतो. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरले, असा २०११ सालचा एक अभ्यास आहे. ते तर विशीतले होते.

एका रात्री मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवा. ‘मी कुठे घोरतो?’ हा वाद त्याने मिटतो आणि कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांनाही त्याचा उपयोग होतो. गळ्याचा घेर मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका बळावते. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतील श्वास आणि ऑक्सिजन यांची नोंद, आता घरच्या घरीही करता येते. विकार मध्यम किंवा तीव्र निघाला, तर हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप हे यंत्र लावून झोपावे लागेल. पहिले पंधरा दिवस ते तोंडावरचा मास्क काढून फेकतील, हे गृहीत धरा. त्यानंतर अनेक जण प्रवासालाही ते यंत्र बरोबर नेतात. आणि निदान होईपर्यंत त्यांना स्कूटर-गाडी चालवू देऊ नका.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. माळकरी आहे. अशक्तपणा आला की वर्षातून दोन-तीनदा सलाईन लावून घेतो, बरे वाटते. हिमोग्लोबिन ११.२ आहे. आणखी काय करावे?

उत्तर : सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तिच्यात इंजेक्शन टाकले की बाटली पिवळी होते आणि औषध घेतल्यासारखे वाटते, एवढाच तिचा महिमा. एक भाकरी आणि ताक याहून अधिक काही त्यात नाही. दोन तास पंख्याखाली शांत पडून राहिल्यानेही माणसाला बरे वाटतेच.

पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय, आणि तो वयाने येत नाही. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी असते, कारण ते फक्त प्राणिजन्य पदार्थांत मिळते. आपल्याला दूध, दही, ताक आणि पनीर चालते, ते वाढवा. पण कमतरता फार असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शनेच घ्यावी लागतील. मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या यांनीही बी-१२ कमी होते. पायांना मुंग्या येतात का, तेही पाहा. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासा. लोह कमी निघाले तर केवळ लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नका. पन्नाशीपुढच्या पुरुषात लोह कमी होण्यामागे बहुतेकदा पोटातून किंवा आतड्यातून होणारा नकळत रक्तस्राव असतो आणि त्यासाठी दुर्बिणीने तपासणी करावी लागते. मूळव्याध आहे म्हणून ती टाळू नये.

प्रश्न : अश्वगंधा, शिलाजित रोज घेतले तर चालते का? (वय ४१, कोल्हापूर)

उत्तर : अश्वगंधेने झोप आणि ताण यांत काहींना थोडा फरक पडतो. पण तिने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत आणि थायरॉइडच्या रुग्णांनी ती परस्पर घेऊ नये. काविळीसारखी लक्षणे दिसताच ती थांबवा. शिलाजित कोणाच्या कारखान्यातून येते आणि त्यात शिसे किती, हे डबीवर लिहिलेले नसते.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. पिंपरीतील कारखान्यातून त्यांनी दीड वर्षापूर्वी व्हीआरएस घेतली. पहाटे तीनला उठून बसतात, जेवण कमी झाले आहे, मित्रांचे फोन घेत नाहीत. ‘शक्ती नाही’ एवढेच म्हणतात. सर्व रिपोर्ट नॉर्मल आहेत. मानसोपचाराचे नाव काढले की भडकतात.

उत्तर : पहाटेची जाग, भूक मरणे, माणसांचा कंटाळा आणि भडकणे, हे सारे नैराश्याकडे बोट दाखवते. पुरुष रडत नाहीत, चिडतात. म्हणून घरच्यांना ते आजारपण वाटत नाही. बत्तीस-पस्तीस वर्षे पहिल्या पाळीच्या भोंग्यावर उठलेल्या माणसाचा दिवस एकाएकी रिकामा होतो आणि त्याला शब्द सापडत नाहीत, तेव्हा तो ‘शक्ती नाही’ म्हणतो. हा आजार उपचाराने बरा होतो. औषधांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर मात्र धरावा लागतो.

‘मानसोपचार’ हा शब्द तूर्त वापरू नका. ‘झोपेसाठी दाखवू’ असे म्हणून नेहमीच्या फिजिशियनकडे न्या आणि आदल्या दिवशी त्यांना फोनवर सगळे सांगून ठेवा. पुढची चिठ्ठी तेच लिहून देतील. ‘मी असून काय उपयोग’ अशा अर्थाचे काही वडील बोलले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. दवाखान्यात आपण सोबत जा, पण तपासणीच्या वेळी पाच-दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसा. मुलासमोर वडील फक्त बीपीच सांगतील.